चिनी घडीच्या पंख्यावर शाईने फुले रंगवताना

सपाट कागदावर सफाईने शेवंती काढणारा हातही पहिल्या पंख्यावर अडखळतो. पंख्याचा कागद पाणी चटकन पीत नाही, त्यावर तीसेक घड्या असतात आणि त्याचा आकार कमानीसारखा वाकलेला असतो. या तीन गोष्टींचा हिशेब आधी केला की बाकीचे काम नेहमीच्या शाईचित्रासारखेच आहे. तो केला नाही, तर कुंचला कितीही चांगला असला तरी पाकळीच्या कडेला काळी रेघ उमटते, देठ घडीत ओघळतो आणि चित्र एका बाजूला कलल्यासारखे दिसते.

पंखा आणि त्याचा कागद

चिनी हातपंखे मुख्यतः दोन प्रकारचे. गोल चौकटीवर रेशीम ताणलेला तो ‘थ्वानशान’ आणि मिटता-उघडता येणारा तो ‘चशान’. गोल पंखा जुना आहे. घडीचा पंखा जपानकडून आला आणि मिंग राजवटीत (१३६८–१६४४) चित्रकारांच्या हातात रुळला. सुचौचे शन चौ, वन चंगमिंग, थांग यिन यांच्या काळापासून पंख्याचे पान हा चित्राचा स्वतंत्र प्रकारच झाला. सुचौ आणि हांगचौ ही आजही पंख्यांची गावे आहेत. हांगचौची ‘वांग शिंगजी’ ही पेढी १८७५ची. या लेखात मुख्यतः घडीच्या पंख्याबद्दल लिहिले आहे. गोल पंख्याचे वेगळेपण शेवटाकडे येईल.

पंख्याची लांबी चिनी इंचांत, म्हणजे ‘त्सुन’मध्ये, सांगतात. सर्वांत सर्रास मिळणारा पंखा साडेनऊ त्सुनाचा असतो, म्हणजे सुमारे ३१ ते ३२ सेंटिमीटर लांब काड्यांचा. काड्या बहुधा सोळा: दोन कडेच्या जाड आणि चौदा आतल्या पातळ. कागदी पानाची उंची साधारण १८ ते २० सेंटिमीटर भरते. आकार कारागिरागणिक थोडा बदलतो, म्हणून सराव सुरू करण्याआधी हातातल्या पंख्याचेच माप घ्यावे.

पान एकाच कागदाचे नसते. समोर आणि मागे ‘श्वान’ नावाचा चिनी चित्रकागद, मध्ये एक पातळ कागद, आणि हे सगळे खळीने चिकटवलेले. एकाआड एक घडीत थरांच्या मध्ये पोकळ वाट ठेवलेली असते. काडी खालून तिच्यात सरकते. ही रचना डोक्यात पक्की असायला हवी. खळ पाण्याने सुटते, म्हणून पान फार भिजले की थर फुगतात आणि काड्यांच्या वाटा आतून चिकटून बंद होतात. पंख्यावर पाणी कमी वापरायचे, याचे पहिले कारण हेच.

श्वान कागद आन्ह्वेइ प्रांतातल्या जिंग जिल्ह्याचा. तो कच्चा असेल तर शाई पसरते. तुरटी आणि सरस लावून पक्का केलेला असेल तर शाई वरच थांबते. पंख्याची पाने बहुतेक पक्की किंवा अर्धपक्की असतात. कोणती ते ओळखण्यासाठी पानाच्या अगदी शेवटच्या पट्टीवर, म्हणजे जी पुढे जाड काडीच्या आतल्या बाजूला चिकटून झाकली जाणार आहे तिच्यावर, पाण्याचा एक थेंब ठेवावा. दोन-तीन सेकंदांत जिरला तर कागद कच्चा. अर्धा मिनिट मोत्यासारखा उभा राहिला तर पक्का. मधल्या वेळेत हळूहळू जिरला तर अर्धपक्का, आणि शाईच्या फुलांसाठी हाच सर्वांत समाधान देणारा कागद आहे: छटा मिसळतात, पण आकार सुटत नाही.

सोनेरी कण शिंपडलेली किंवा पूर्ण सोन्याचा मुलामा दिलेली पानेही मिळतात. ती देखणी असतात, पण नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. सोनेरी पृष्ठभागावर शाई थेंबाथेंबाने आकसते. काम करायचेच असेल तर मऊ कापडाने संगजिऱ्याची बारीक पूड हलक्या हाताने फिरवून पूर्ण झटकावी; पृष्ठभागावरचा तेलकटपणा निघतो आणि शाई धरते. चोळू मात्र नये, नाहीतर मुलामाच निघून येतो.

सुटे पान की काड्या घातलेला पंखा?

सुटे पान घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. चीनमध्येही पान आधी रंगवून मग काड्या घालण्याची रीत आहे, आणि तिला कारण आहे. काड्या आत असताना कागद वर-खाली होतो, कुंचला काडीवरून घसरतो आणि चित्र बिघडले तर अख्खा पंखा जातो. पान बिघडले तर पानच जाते.

सुट्या पानाला घड्या आधीच पाडलेल्या असतात. त्या पूर्ण घालवायच्या नाहीत, फक्त झोपवायच्या. पान उघडून मागच्या बाजूवर एक हात अंतरावरून पाण्याचा बारीक फवारा द्यावा, एकदाच. कागद ओला दिसता कामा नये, फक्त हाताला गार लागावा. मग दोन टिपकागदांमध्ये ठेवून वर सपाट फळी आणि जाड पुस्तके ठेवावीत आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. घाईने गरम इस्त्री फिरवू नये. खळ कडक होते आणि पुढे घडी घालताना कागद त्याच रेषेवर तडकतो.

काड्या घातलेल्याच पंख्यावर रंगवायचे असेल तर तो पूर्ण उघडून दोन्ही जाड काड्या फळीला चिमट्यांनी पकडाव्यात. खाली मऊ कापडाची दुहेरी घडी घालावी म्हणजे काड्यांमधला कागद लोंबत नाही. रंगवताना डाव्या हाताच्या दोन बोटांनी जवळच्या दोन घड्या हलकेच ताणून धराव्यात. ज्या पट्टीमागे काडी आहे तिच्यावर दाब थोडा कमी करावा, कारण तिथे आधार कडक असल्याने तोच दाब जाड रेघ देतो.

शाई, कुंचले, छटा

शाईची कांडी दोन जातींची: तेलाच्या काजळीची आणि पाइनच्या काजळीची. पाइनची शाई निळसर, मंद आणि पुडीसारखी असते. तेलकाजळीची किंचित उबदार, चकचकीत आणि पातळ केल्यावरही नितळ. फुलांसाठी तेलकाजळीची घ्यावी. पंखा सतत मिटला-उघडला जातो, त्यामुळे कागदावर घट्ट बसणारी शाई हवी.

शाई उगाळायच्या दगडावर अर्धा चमचा स्वच्छ गार पाणी घ्यावे. कांडी सरळ उभी धरून, फारसा जोर न लावता, सावकाश गोल फिरवत दहा-पंधरा मिनिटे उगाळावी. जोराने उगाळलेली शाई दाणेदार होते. कांडी सरकताना पाण्यात तिची वाट क्षणभर उघडी राहिली आणि मग सावकाश मिटली, की शाई तयार झाली. काम संपल्यावर कांडी दगडावर ठेवून देऊ नये. ती चिकटते आणि ओढून काढताना दगडाचा कपचा उडतो. कालची उरलेली शाईही वापरू नये. तिच्यातला सरस कुजलेला असतो, काजळीचे कण एकत्र आलेले असतात, आणि पातळ छटेत ते कण मुंग्यांसारखे दिसतात. बाटलीतली शाई चालते, पण ती पंख्यासाठी दाट असते. तीन थेंब शाईला एक थेंब पाणी घालूनच तिला ‘गडद’ मानावे.

चिनी चित्रकार शाईच्या पाच छटा मोजतात: जळकी, दाट, गडद, फिकी आणि निर्मळ. पंख्यासाठी तीन बश्या पुरतात. एकीत उगाळलेली शाई तशीच, दुसरीत एक भाग शाईला चार-पाच भाग पाणी, तिसरीत एकाला पंधरा. वाळल्यावर पक्क्या कागदावरची छटा ओली असताना दिसते त्याहून फिकी होते, म्हणून प्रत्येक छटा त्याच जातीच्या कागदाच्या तुकड्यावर लावून, वाळवून, मगच ठरवावी.

कुंचले तीन. विझलच्या (मुंगसासारख्या लहान प्राण्याच्या) केसांचा, टोकदार, केसांची लांबी तीन सेंटिमीटरच्या आसपास: देठ, पाने, फांद्या आणि बाह्यरेषा यासाठी. बकरीच्या केसांचा मऊ, थोडा मोठा: पाकळ्या आणि रुंद पाने यासाठी. एक अगदी बारीक: केसर, शिरा आणि सही यासाठी. चच्यांग प्रांतात हूचौजवळचे शान्लिएन हे कुंचल्यांचे नावाजलेले गाव आहे, पण कुंचला निवडताना गावापेक्षा टोक पाहावे. ओला करून पिळल्यावर केस एका बिंदूत आले पाहिजेत, आणि बशीवर दाबून उचलल्यावर परत सरळ झाले पाहिजेत.

सर्वांत महत्त्वाचे साधन मात्र टिपकागद. तो डाव्या हाताशी घडी करून ठेवावा. कुंचला शाईतून काढल्यावर पोट, म्हणजे केसांचा मधला फुगीर भाग, टिपकागदाला एकदा टेकवायचे आणि मगच पानावर जायचे. टोक टिपायचे नाही. पक्क्या कागदावर जास्तीचे पाणी खाली जात नाही. ते वर तळ्यासारखे साचते, वाळताना काजळी कडेला ढकलते आणि कडेला काळी किनार उरते. नवशिक्यांच्या पंख्यांवर दिसणारे निम्मे दोष याच एका गोष्टीतून येतात.

आखणी: कमान आणि घड्या

सरावासाठी साध्या कागदावर कंपासाने दोन कमानी काढाव्यात, बाहेरची सुमारे ३१ सेंटिमीटर त्रिज्येची आणि आतली साडेबारा, कोन १४० अंशांच्या आसपास. असे दहा-बारा आकार कापून ठेवावेत. मूळ पानावर पेन्सिल लावू नये. पक्क्या कागदावर खोडरबर फिरवला की सरसाचा थर निघतो आणि नेमकी तिथेच शाई फुटते. कोळशाच्या काडीने दोन-चार हलक्या खुणा केल्या तर चालते; त्या मऊ पिसाने झटकून जातात.

पंख्याच्या पानाला दोन दिशा असतात. एक दिशा कमानीची, डावीकडून उजवीकडे वळत जाणारी. दुसरी घड्यांची, काड्या खाली जिथे एकत्र जोडलेल्या असतात त्या खिळ्याकडे एकवटणारी. फांदी पहिल्या दिशेने न्यावी: एका कडेतून आत येऊन खालच्या कमानीला साधारण समांतर जाणारी आणि टोकाशी वर किंवा खाली वळणारी. जमिनीतून उगवणारी झाडे दुसऱ्या दिशेने उभी करावीत. म्हणजे डाव्या कडेला उगवलेला देठ किंचित डावीकडे, घडीच्या कलाप्रमाणे. टेबलाला काटकोनात उभा केलेला देठ पंख्याच्या कडेला पडल्यासारखा दिसतो.

फुलांचा मुख्य गुच्छ मधोमध ठेवू नये. पंखा उघडताना नजर आपसूक मध्यावर जाते. तिथेच फूल असेल तर डोळा तिथेच थांबतो आणि दोन्ही बाजू ओस पडतात. एका बाजूच्या एक-तृतीयांश भागात वजन द्यावे, मध्यात एखादी पाती किंवा डहाळी जाऊ द्यावी आणि दुसरी बाजू मोकळी सोडावी. निम्म्याहून अधिक पान कोरे राहिले तरी ते उणे वाटत नाही. कमानीचा आकार स्वतःच खूप काही बोलत असतो.

फुलाचे केंद्र कधीही घडीच्या उंचवट्यावर आणू नये. उंचवटे मिटता-उघडताना एकमेकांवर घासतात, शाई प्रथम तिथलीच जाते, आणि वर्षभरात फुलाच्या काळजातून पांढरी रेघ जाते. केंद्र दोन घड्यांमधल्या पट्टीवर ठेवावे, पाकळ्या घड्या ओलांडून गेल्या तरी चालतील. देठ जर घडीच्या रेषेला जवळपास समांतर जात असेल तर तो चार-पाच मिलिमीटर सरकवून पट्टीच्या मध्यावर घ्यावा. घडीत पडलेली शाई नळीतल्यासारखी खाली ओघळते.

लान

सुरुवात लानपासून करावी. हे चिनी रानऑर्किड आहे, एका देठाला एकच फूल येणारे. एका देठावर अनेक फुले येणाऱ्या जातीला ‘ह्वेइ’ म्हणतात. लानची लांब, वाकणारी पाती कमानीला जणू जन्मतःच मानवते, म्हणून पंख्यावर हे फूल इतके दिसते.

उजव्या हाताने काम करणाऱ्याने झाडाचा पाया डाव्या बाजूच्या एक-तृतीयांश भागात, खालच्या कमानीच्या दोन बोटे वर घ्यावा. डावीकडून उजवीकडे वर जाणारी पाती त्या हाताला नैसर्गिक असते. विझलचा कुंचला गडद शाईत बुडवून पोट टिपावे आणि उभा धरावा. मनगट टेबलाला टेकवू नये. पाती खांद्यातून निघते. पहिली पाती सर्वांत लांब: टोक टेकवून सुरुवात, मध्ये हलका दाब, मग उचलत बारीक, पाती वळते तिथे पुन्हा किंचित दाब आणि शेवटी टोक हवेत सोडून द्यायचे. चित्रकार या बदलाला खिळ्याचे डोके, प्रार्थनाकीटकाचे (मँटिसचे) पोट आणि उंदराची शेपटी म्हणतात. दुसरी पाती पहिलीला पायथ्याशी छेदते आणि मध्ये लांबट पोकळी तयार होते, तिला ‘फिनिक्सचा डोळा’ म्हणतात. तिसरी पाती तो डोळा भेदून जाते. पुढच्या दोन ते चार पात्या आखूड, वेगवेगळ्या उंचीच्या. तीन पात्या एकाच बिंदूत छेदू देऊ नयेत. तिथे शाईचा गोळा होतो.

घड्या ओलांडताना वेग थोडा कमी करावा. भरभर ओढलेला कुंचला उंचवट्यावरून उडी मारतो आणि खाचेत पांढरा ठिपका राहतो. राहिला तर राहू द्यावा. ओल्या पातीवर परत शाई लावली की तिथे फुगवटा येतो आणि तो ठिपक्याहून कितीतरी जास्त डोळ्यात भरतो.

फुलासाठी बकरीच्या केसांचा कुंचला फिक्या शाईत भिजवून टोकाला मधली छटा घ्यावी. पाच पाकळ्या, प्रत्येक एकाच फटकाऱ्यात, टोकाकडून मध्याकडे: आधी मधल्या दोन, एकमेकींकडे झुकलेल्या, मग बाहेरच्या तीन. सर्व एकाच लांबीच्या झाल्या तर ते फूल न राहता चक्र होते, म्हणून एक तरी पाकळी बाजूने दिसणारी, अरुंद काढावी. देठ पाकळ्यांच्याच छटेचा, दोन-तीन टप्प्यांत. फूल जवळजवळ वाळल्यावर सर्वांत गडद शाईने मध्यात तीन ठिपके द्यावेत, चिनी लिपीतल्या ‘हृदय’ या अक्षरातल्या ठिपक्यांसारखे विखुरलेले. घाई केली तर ठिपके पसरतात आणि फुलाची नजर विझते.

माती, दगड काढायचे की नाही हे आपल्यावर आहे. सोंग राजवट कोसळल्यानंतर जंग सस्याव (१२४१–१३१८) याने लान मातीशिवाय, मुळे उघडी ठेवून काढली, कारण त्याच्या लेखी देशाची जमीन परक्यांनी नेली होती. ती परंपरा माहीत असली की पायथ्याशी सोडलेली कोरी जागा अपुरी वाटत नाही.

मेइ

मेइ, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी निष्पर्ण फांदीवर फुलणारा चिनी प्लम. इथे फूल सोपे आणि फांदी अवघड. कोन करत जाणारी, खडबडीत जुनी फांदी आणि तिच्यातून सरळ सुटलेल्या नव्या डहाळ्या, या विरोधावर चित्र उभे राहते. फांद्या एकमेकींना छेदताना चिनी ‘स्त्री’ या अक्षराचा आकार करतात, असे शिकवले जाते. म्हणजे फुली नव्हे, तर मध्ये तिरकी मोकळी जागा असलेला छेद.

जुन्या फांदीसाठी कुंचला आडवा करून कोरडा फटकारा मारतात, ज्यात मधूनमधून कागद पांढरा दिसतो. गुळगुळीत पक्क्या कागदावर असा फटकारा सहज उमटत नाही. कुंचला टिपकागदावर दोनदा पिळून, केस बोटांनी थोडे फाकवून, मग न थांबता ओढावा. फांदी ओढतानाच फुलांच्या जागा मोकळ्या सोडाव्यात. फांदीवर नंतर फूल बसवता येत नाही, काळ्यावर पांढरे उमटत नाही.

पाकळीची बाह्यरेषा दोन अर्धवर्तुळांनी काढतात, फिक्या किंवा मधल्या शाईत, बारीक टोकाने. ही बाह्यरेषेची पद्धत बाराव्या शतकातल्या यांग वूच्यूपासून रुळली. त्याने ११६५ साली मेइच्या चार अवस्था वेगवेगळ्या काढल्या: मिटलेली कळी, उमलू लागलेली, पूर्ण उमललेली आणि गळू लागलेली. पंख्यावर त्या चारही एकाच फांदीवर आणाव्यात. फक्त पूर्ण उमललेली पाच-पाकळी फुले ओळीने लावली तर ती कापडावरच्या छापासारखी दिसतात. समोरून दिसणारे एक फूल, बाजूने दिसणारी दोन, पाठमोरे एक आणि पाच-सहा कळ्या एवढ्याने पान भरते.

केसर गडद शाईने, केंद्रातून बाहेर, सातच्या आसपास, मधला सर्वांत लांब; टोकांवर ठिपके. निदलांचे ठिपके आणि फांदीवरच्या गाठी सर्वांत शेवटी, जळक्या शाईने. त्यांनीच फांदी जिवंत होते, पण दहा-बारा ठिपक्यांवर थांबावे.

शेवंती आणि रुंद पाने

शेवंतीच्या पाकळ्याही बाह्यरेषेने, टोकाकडून केंद्राकडे, दोन-दोन रेघांत. आधी मधल्या, एकमेकींना बिलगलेल्या पाकळ्या, मग त्यांच्या मागून डोकावणाऱ्या. प्रत्येक रेघ केंद्राकडे रोखलेली असावी. एकही भरकटली तर फूल विस्कटते.

खरी कसोटी पानांची आहे. पाने बिनरेषेची, म्हणजे बाह्यरेषेशिवाय थेट शाईच्या डागाने घडवलेली असतात. सतराव्या शतकात यून शौपिंगने ही पद्धत फुलांसाठी फार उंचीवर नेली. कुंचला आधी स्वच्छ पाण्यात भिजवून पिळायचा, अर्ध्यापर्यंत फिकी शाई, एक-तृतीयांशापर्यंत मधली, टोकाला गडद. मग बशीवर दोन-तीनदा फिरवून छटा एकमेकींत उतरू द्यायच्या. आता कुंचला आडवा दाबून तीन ते पाच फटकाऱ्यांत एक पान घडवायचे. शिरा गडद शाईने, पान अर्धवट वाळल्यावर. फार ओल्यात शिरा फुटतात, पूर्ण वाळल्यावर तारेसारख्या वर राहतात. योग्य वेळ ओळखायची सोपी खूण: पान तिरके पाहिल्यावर चकाकी गेलेली असावी, पण बोटाच्या मागच्या बाजूला अजून गार लागावे.

कमळाचे मोठे पान पंख्यावर काढण्याचा मोह होतो. सात-आठ घड्यांवर पसरलेली ओली छटा प्रत्येक खाचेत साचते आणि पानावर पट्टे पडतात. काढायचेच असेल तर पान एका ओघात न रंगवता घड्यांच्या दिशेने, खिळ्याकडून बाहेर जाणाऱ्या छोट्या फटकाऱ्यांनी रंगवावे. मग खाचा पानाच्या शिरांसारख्या वाटतात.

गोल पंख्याचे रेशीम

गोल पंख्याला घड्यांची अडचण नाही, पण रेशीम अनेकदा कच्चे असते आणि शाई धाग्याधाग्याने पळते. थेंबाची चाचणी इथेही करावी. कच्चे असेल तर अर्धा लिटर पाण्याला सात ग्रॅम सरस आणि तीन ग्रॅम तुरटी घ्यावी. सरस आधी गार पाण्यात फुगवून मग कोमट पाण्यात विरघळवावा, उकळू नये. तुरटी वेगळी विरघळवून दोन्ही कोमट असताना एकत्र करावे. रुंद मऊ कुंचल्याने पातळ हात द्यावा, वाळू द्यावा, आणि दुसरा हात आडव्या दिशेने. तुरटी जास्त झाली तर वाळल्यावर पृष्ठभाग चमचमतो आणि काही वर्षांत रेशीम ठिसूळ होते. रंगवताना पंखा टेबलाला टेकवू नये. चौकट दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवून रेशीम अधांतरी राहू द्यावे, नाहीतर आरपार गेलेली शाई खालून डाग पाडते.

मजकूर आणि शिक्का

अक्षरे लिहायची तर ओळी उभ्या, घडीच्या दिशेने, एका पट्टीत एक, उजवीकडून डावीकडे. पट्ट्या खाली अरुंद होत जातात, म्हणून एक ओळ लांब आणि पुढची दोन अक्षरांची आखूड अशी आलटून-पालटून रचना करतात. खालच्या कमानीशी गर्दी होत नाही.

लाल शिक्का लहान हवा, सहा ते दहा मिलिमीटरचा, आणि पूर्णपणे एका पट्टीच्या आत. घडीवर मारलेला शिक्का मध्ये तुटतो. खाली चार-पाच कागदांची गादी ठेवावी. काड्या आत असतील तर ज्या पट्टीमागे काडी नाही ती निवडून मागे जाड पुठ्ठा धरावा. शिक्क्याचा लाल लगदा तेलात मळलेला असतो, तो दिवसेंदिवस ओला राहतो आणि पंखा मिटल्यावर समोरच्या पट्टीवर लाल ठसा उमटवतो. ठशावर संगजिऱ्याची पूड भुरभुरवून, अर्धा दिवस ठेवून, पिसाने झटकावी. त्यानंतरही आठवडाभर मिटताना तिथे पातळ कागद घालावा.

पुन्हा घडी आणि काड्या

रंगवलेले पान किमान एक पूर्ण दिवस सावलीत सपाट वाळू द्यावे. गरम हवेचे यंत्र वापरू नये. थर असमान आकसतात आणि पान पन्हाळीसारखे वळते. वाळल्यावर काड्यांच्या प्रत्येक वाटेतून, खालच्या कडेने, बांबूची पातळ, गोलसर टोकाची पट्टी सरकवून वाट मोकळी करून घ्यावी. कुठे अडली तर जोर लावू नये. पट्टी मागे घेऊन किंचित फिरवत पुन्हा न्यावी. जोराने ढकललेली पट्टी नेमकी रंगवलेल्या बाजूने बाहेर येते.

मग एका कडेपासून जुन्याच घड्यांवर, एकेक घडी चिमटीत दाबत, पान मिटवावे. नवी घडी पडू देऊ नये. मिटलेले पान दोन तास वजनाखाली ठेवून उघडावे आणि काड्या एका बाजूने क्रमाने, प्रत्येक थोडी-थोडी, वाटांत सरकवाव्यात. एकच काडी पूर्ण आत ढकलली तर शेजारच्या वाटेशी तिची रेषा जुळत नाही. सर्व काड्या बसल्यावर पानाच्या दोन्ही शेवटच्या पट्ट्यांना दाट खळ लावून जाड काड्यांच्या आतल्या बाजूस चिकटवाव्यात. खळ पातळ असेल तर ओल चित्रापर्यंत चढते. पंखा मिटवून, पानाच्या वरच्या भागावर कागदाची पट्टी कडे घातल्यासारखी बसवून, रात्रभर ठेवावा. पुढेही पंखा वापरात नसताना ते कडे काढू नये. हवेतल्या ओलीने घड्या सैल होतात आणि सैल घडीचा उंचवटा अधिक घासतो.

पहिल्यांदा उघडताना एका झटक्यात उघडू नये. दोन्ही अंगठ्यांनी एकेक काडी सरकवत, प्रत्येक घडी चिकटलेली नाही ना ते पाहत उघडावे. कुठे चिकटली असेल तर तिथे ओढाताण न करता बांबूची तीच पातळ पट्टी दोन थरांच्या मध्ये, रंगाच्या विरुद्ध बाजूने, सावकाश घालून सोडवावी.